दर गुरुवारी येणारी सोयरीक

उंद्री गावात वच्छलाबाईंचं स्वागत दोन तऱ्हांनी होई. त्या एकट्या पायी आल्या, तर लोक ओट्यावर जागा करून देत, चहा टाकत, लेकीसुनांची गाऱ्हाणी सांगत. आणि त्याच वच्छलाबाई चिखलीच्या नर्सच्या स्कूटीवर मागे बसून आल्या, की तेच लोक हळूच दार लोटून घेत आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे एकदा निरखून बघत.

त्यात वच्छलाबाईंचा दोष एवढाच, की त्यांनी बुलढाण्याला जाऊन एक शिक्षण घेतलं होतं. ज्यांचा आजार आता बरा व्हायचा नाही, अशा माणसांची घरच्या घरी काळजी कशी घ्यायची, दुखणं कसं हलकं करायचं, याचं ते शिक्षण. गावात त्या स्वयंसेविका, आणि दर गुरुवारी चिखलीहून समता नावाची नर्स येई. जखमा धुवायच्या, अंथरुणात कूस कशी बदलायची ते घरच्यांना दाखवायचं, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं नीट चालली आहेत का ते बघायचं, असं काम. पण गावानं आपलं गणित मांडून ठेवलं होतं: स्कूटी ज्या दारात उभी राहिली, त्या दारातलं माणूस आटोपलं.

मग सगळीकडे फोन जात. लेकी-जावई, साडू, व्याही, सगळे बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला येत. खाटेच्या कडेला बसून आजाऱ्याचा खांदा हलवत आणि मोठ्यानं विचारत, "वळखलं का मले?" ज्यांना चांगलं ओळखता येत होतं, तेसुद्धा डोळे मिटून घेत. सोजराबाई म्हणून एक आजी होती. तिला असं सगळं गाव भेटून गेलं, रडून गेलं. आजी त्यानंतर पुढची दिवाळी जेवली, सगळी बिस्किटं तिनंच संपवली, आणि भेटायला आलेल्यांपैकी दोघांच्या तेराव्यालाही जाऊन आली. तरी गावानं गणित काही बदललं नाही.

वच्छलाबाई वरवर हसण्यावारी नेत, पण ती लोटलेली दारं त्यांना लागत. त्यांचा नवरा ज्ञानेश्वर घशाच्या कॅन्सरनं गेला, तेव्हा त्यांनी बाम लावला होता, अंगारा लावला होता आणि त्याचं कण्हणं ऐकत बसल्या होत्या. पुढे बुलढाण्याच्या त्या वर्गात कुणीतरी सांगितलं, की असं दुखणं गोळ्यांनी आवरता येतं. सगळे माना डोलावत होते, आणि वच्छलाबाई एकदम उभ्या राहून ओरडल्या होत्या, "मंग हे आधी काऊन नाही सांगतलं कोनी?" त्या रागावरच त्यांचं काम चाललं होतं.

तर अशा या वच्छलाबाईंना एके दिवशी भगवंतरावांची सून राखी विहिरीपाशी भेटली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

भगवंतराव म्हणजे सोयरिकी जुळवणारा माणूस. उंद्री-अमडापूरच्या पट्ट्यात निम्म्या घरांतली लग्नं त्यांनीच जमवलेली. पूर्वी मुलींचे बाप त्यांच्या ओट्यावर चपला झिजवत. आता वारं फिरलं होतं. बागायती शेती, पक्कं घर, दारात ट्रॅक्टर, आणि तिशी उलटलेला पोरगा बिनलग्नाचा, अशी घरं गल्लोगल्ली झाली होती. त्यामुळे मुलांच्या आया सकाळपासून येऊन बसत. भगवंतराव सगळ्यांचं ऐकून घेत, पिशवीतून फोटो काढत, आणि ज्याच्या त्याच्या मुलाबद्दल चार शब्द जास्तीचेच बोलत. वच्छलाबाईंचं लग्नही त्यांनीच जमवलेलं. मुलगा अबोल आहे, असं त्यांनी वच्छलाबाईंच्या वडिलांना सांगितलं होतं. ज्ञानेश्वर झोपेतसुद्धा बोलत असे. ही फसवणूक वच्छलाबाईंनी त्यांना आजवर दर भेटीत ऐकवली होती. हल्ली मणका सरकला म्हणून ते आत पडून असतात, एवढंच गावाला माहीत होतं.

"मामाजीचा मनका-बिनका काही सरकला नाही, काकू," राखी म्हणाली. "संभाजीनगरच्या डॉक्टरनं सांगतलं, कॅन्सर हाय, कंबरेच्या हाडात गेला. घरी न्या, सेवा करा म्हने. त्यायले बी माहीत हाय. पन गावात सांगू देत नाहीत. दुखाले लागलं का तोंडात टॉवेल धरतात, भिंतीपल्याड आवाज जाऊ नये म्हून."

वच्छलाबाईंनी घागर तिथेच ठेवली आणि तशाच तडक भगवंतरावांकडे गेल्या.

भगवंतराव आतल्या खोलीत उशीला टेकून बसले होते. बाईंना बघताच म्हणाले, "काय वं वच्छला, स्कूटी तं नाही आनली ना?"

"आननार हावो गुरुवारी."

"आन अन् पाह्य. दाराले कडी लावून घेतो."

"भाऊजी, गोळ्यानं दुखनं थांबते. मी पाह्यलं डोळ्यानं. कायले सोसत बसले?"

"दुखनं परवडलं," भगवंतराव म्हणाले. "मरनाऱ्या मानसाच्या हातानं कोनी शुभकार्य करते का वं? आज तुही स्कूटी दारात उभी राह्यली, का उद्या एक बी पोराची आई ओट्यावर चढनार नाही. येतीन ते फक्त वळखलं का म्हननारे."

म्हातारा मरणाला भीत नव्हता. ओटा रिकामा पडेल याला भीत होता. आणि त्यात तो चुकतही नव्हता. कॅन्सर झालेल्या घरातून मुलीचा फोटो कोण नेणार? बाई उठल्या, तेवढ्यात भगवंतरावांना कळ आली. त्यांनी टॉवेल चावला. कळ ओसरेपर्यंत वच्छलाबाई त्यांचा हात धरून बसून राहिल्या.

भगवंतरावांनी घाम पुसला. मग त्यांच्या डोळ्यांत तोच जुना बेरकीपणा चमकला. "तुही ती नर्स दिसाले कशी हाय?"

"चांगली हाय. काऊन?"

"मंग सोपं हाय. गावाले सांग, ती नर्स स्वताच्या सोयरिकीसाठी येते म्हना माह्याकडं. नोकरीवाली पोट्टी हाय, आईबाप दूर हायेत, स्वताच पाहून राह्यली."

"अहो, लगन झालेलं हाय तिचं! चार वर्साचं लेकरू हाय!"

"गावाले कुठं माहीत? येते तं तोंडाले फडकं बांधून."

वच्छलाबाईंनी विचार केला. शिक्षणात बजावून सांगितलं होतं, की आजाऱ्याची गोष्ट बाहेर बोलायची नाही आणि आजाऱ्याशी खोटं बोलायचं नाही. गावाशी खोटं बोलण्याबद्दल तिथे कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. बाईंना तेवढी फट पुरे होती.

समताला मात्र हे पटलं नाही. "काकू, मला यात ओढू नका. मला कुणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

"तुम्ही कायले सांगता बाई? खोटं बोलाले मी हावो ना. तुम्ही फक्त फडकं घरात गेल्याशिवाय सोडू नका, धूळ लई असते."

पुढच्या गुरुवारी स्कूटी भगवंतरावांच्या दारात उभी राहिली. गल्लीत कुजबुज सुरू होण्याआधीच वच्छलाबाईंनी ओट्या-ओट्यावर थांबून बातमी पेरली. ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही असा लौकिक, त्यांनी सांगितलेलं खोटं कोण ठरवणार? संध्याकाळपर्यंत सगळं गाव म्हणत होतं, भगवंतरावांकडे नोकरीवाली मुलगी आली.

संभाजीनगरचे कागद बघून चिखलीच्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. समतानं राखीला समजावलं, की या घड्याळ लावून द्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही. सोबत पोट साफ राहायचं औषधही द्यायचं, ते विसरायचं नाही. गुडघ्यांखाली उशी कशी ठेवायची तेही दाखवलं. भगवंतरावांना गोळ्यांची नशा लागेल अशी भीती होती. "जिंदगीत तंबाखूले हात लावला नाही मी," ते म्हणाले, "आता गंजेडी करता का मले?" समता म्हणाली, "बाबा, दुखण्यासाठी घेतली तर गोळीची चटक लागत नाही." त्यांनी कुरकुरत गोळी घेतली.

त्याच्या पुढच्या गुरुवारी भगवंतराव इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसलेले होते आणि कुणाला तरी दरडावत होते, "पोरगा बी.ए. हाय हे खरं हाय का आईनं सांगतलेलं हाय?" वच्छलाबाईंनी ते रस्त्यावरूनच ऐकलं. घरी येऊन त्या दार लावून मनसोक्त रडल्या. भगवंतरावांसाठी आनंद झाला होता, आणि ज्ञानेश्वरला हे मिळालं नाही याचं दुःखही तितकंच वर आलं होतं. दोन्ही रडणी त्यांनी एकदमच उरकून घेतली.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण भगवंतरावांच्या भिंतीला लागून हिंमतराव राहत होते. हिंमतरावांना शेजारच्या घरातलं ऐकायचा छंद होता, आणि मधली भिंत जुनी, पातळ होती. दर गुरुवारी ते भिंतीशी पाठ लावून सुपारी कातरत बसत. पलीकडून त्यांना मुलीचा आवाज ऐकू येई: "झोप नीट लागते का? जेवण जातं का? पोट रोज साफ होतं का? चिडचिड होते का?" हिंमतराव चाट पडले. त्यांनी उभ्या आयुष्यात मुलाची इतकी कसून चौकशी करणारी मुलगी पाहिली नव्हती.

"लई चौकस पोट्टी हाय," ते बायकोला म्हणाले. "शेती किती, घर कसं, काही विचारत नाही. तब्येतीचं विचारते फक्त. डोकं पाह्य!"

हिंमतरावांचे साडू उकंडराव अमडापूरचे. त्यांचा हरिओम तेहतीस वर्षांचा, ठिबक सिंचनाचं चालू दुकान, व्यसन नाही, झोप उत्तम, पोट साफ. हिंमतरावांनी लगेच फोन लावला. आणि भगवंतरावांना न विचारताच गुरुवार ठरवून टाकला, कारण चांगली मुलगी विचारत बसणाऱ्याला मिळत नाही, हे त्यांनी गावात पाहिलंच होतं.

पाहुणे अमडापूरहून निघाल्यावर हिंमतराव सांगायला आले. वच्छलाबाई तेव्हा तिथेच राखीला चादर बदलायला मदत करत होत्या. त्यांच्या हातून चादरच सुटली.

"परत पाठवा त्यायले," हिंमतरावांची पाठ फिरताच त्या म्हणाल्या.

"माह्या दारातून पाव्हना परत गेला नाही आजलोग," भगवंतराव म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "राखी, पोहे भिजव. वच्छला, तिले फोन लाव, आज येऊ नको म्हना."

वच्छलाबाई फोन लावत राहिल्या. समताचा फोन स्कूटीच्या डिकीत वाजत राहिला.

पाहुणे आले. उकंडराव पांढऱ्या टोपीतले, शांत, कमी बोलणारे. हरिओमच्या नव्या शर्टवर पाकिटातल्या घड्या अजून उमटलेल्या. हिंमतराव जणू आपल्याच घरचं कार्य असल्यासारखे खुर्च्या सरकवत होते. पोह्यांच्या बशा फिरल्या, आणि तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली.

समता आत आली. खोलीत माणसं बघून तिला वाटलं, बाबांना भेटायला नातेवाईक आलेत. तिनं नमस्कार केला.

"बसा बेटा, बसा," हिंमतराव म्हणाले.

उकंडरावांनी घसा साफ केला. "शिक्षन काय झालं, बाई?"

आजाऱ्याच्या नातेवाइकांनी असं विचारलं की समताला बरंच वाटे. "नर्सिंगचं झालंय. आठ वर्षं झाली या कामाला."

"अस्सं. राहाले कुठं?"

"चिखलीलाच," समता फडकं सोडत म्हणाली. "सासरीच असते."

हरिओमच्या हातातला चमचा बशीत पडला. समताच्या गळ्यातलं मंगळसूत्र आता सगळ्यांना दिसत होतं.

पहिल्यांदा हिंमतरावांनाच कंठ फुटला. "भगवंतराव! लगन झालेली पोट्टी दाखवता? माह्या साडूले? पाव्हन्या मानसाची अशी चेष्टा?"

उकंडराव ओरडले नाहीत. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि उठले. "तुमच्या नावावर आलो होतो, भगवंतराव," ते म्हणाले. "मानूस म्हनून नाव होतं तुमचं."

हे वच्छलाबाईंच्या जिव्हारी लागलं. भगवंतरावांकडे बघवत नव्हतं. गप्प राहिले तर उद्यापासून लबाड म्हणून ओटा सुना, आणि खरं बोलले तर मरणारा म्हणून सुना. बाई झटकन पुढे झाल्या. "त्यायचा दोष नाही हो, मीच गावात सांगतलं, मीच खोटारडी—"

"खाली बस, वच्छला," भगवंतराव म्हणाले.

त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि ताठ झाले. "उकंडराव, ही पोट्टी माही नर्स हाय. मले कॅन्सर हाय. हाडात गेला. हिच्या गोळ्यानं मी बसू शकून राह्यलो, नाही तं दुखन्यानं गुरासारखा हंबरत असतो. गावाले कळलं तं माह्याकडं कोनी सोयरीक घेऊन येनार नाही, म्हून मीच सांगतलं होतं का सोयरिकीसाठी येते म्हना. खोटं माहं हाय. या दोघीयचं नाही."

हिंमतराव सुपारी चघळायची विसरले. वच्छलाबाई दाराकडे बघत होत्या. हा शब्द ऐकला की माणसं पाय कसे मागे घेतात, चपला कशा शोधतात, हे त्यांनी पुष्कळ घरांत पाहिलं होतं. त्यांना म्हाताऱ्यासाठी फार वाईट वाटलं.

उकंडराव उभेच होते. मग त्यांनी समताकडे वळून विचारलं, "बाई, यायच्यापाशी किती टाईम हाय?"

समतानं भगवंतरावांकडे बघितलं. इतक्या गुरुवारांत त्यांनी स्वतः हे कधीच विचारलं नव्हतं. "सांगू का, बाबा?"

"सांग," भगवंतराव म्हणाले. "आता झाकाले काय राह्यलं?"

"नक्की कुणालाच सांगता येत नाही," समता हळू म्हणाली. "पण काही महिने म्हणता येईल. वर्ष म्हणता येणार नाही."

भगवंतरावांनी मान हलवली. राखीनं पदर तोंडात धरला. उकंडराव परत खुर्चीवर बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"मंग भगवंतराव," ते म्हणाले, "बाकीच्यायचं राहू द्या मांगं. पह्यले आमच्या हरिओमचं पाहा."

भगवंतरावांना ऐकलेलं खरं वाटेना. "मरनाऱ्या मानसाच्या हातानं?"

"तेहतीसचा झाला हा," उकंडराव पोराकडे बोट करून म्हणाले. "आजलोग जित्या मानसायनं काय दिवे लावले?"

हरिओमच पहिल्यांदा हसला, आणि मग भगवंतराव हसले. हसता हसता कंबरेत कळ आली तरी हसत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. हिंमतरावांनी घाईघाईनं सांगून टाकलं, की मग आपल्या भाच्याचंही याच उन्हाळ्यात बघा, तोही एकतीसचा आहे, उगाच मागे राहायला नको.

समता म्हणाली, "बाबा, तपासायचंय. पाहुण्यांना जरा बाहेर—"

"राहू दे," भगवंतराव म्हणाले. "इथंच पाह्य. दार बी लावू नको."

त्यांना खाटेवर घेतलं. कुशीवर वळवायचं होतं. राखी पुढे येईपर्यंत उकंडरावांनीच बाह्या सरसावल्या आणि आपले शेतकरी हात पुढे केले. पण ते म्हाताऱ्याला पोत्यासारखे उचलायला निघाले होते.

"असं नाही, दादा," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शिकवण्याचाच निघाला. "एक हात खांद्यापाशी, एक कंबरेखाली. ओढाचं नाही. त्यायच्या संगं वळाचं."

उकंडरावांनी सांगितलं तसं केलं. भगवंतराव अलगद कुशीवर झाले. समता पाठ तपासत होती, हरिओम उशी धरून उभा होता, हिंमतराव पंखा हलवत होते, आणि उघड्या दारातून गल्लीतली दोन-तीन माणसं आत डोकावत होती. त्यातल्या एका बाईनं चप्पल बाहेर काढली आणि सरळ आतच आली.

"वच्छलाकाकू," ती हळूच म्हणाली, "इथलं झालं का आमच्या म्हाताऱ्या बुवाकडं बी घेऊन या नर्सबाईले. पाठ लई दुखते त्याची. दारातच लावा स्कूटी."

"येतो," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांना त्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

"पोराच्या बहिनी किती?" भिंतीकडे तोंड करून भगवंतरावांनी विचारलं.

"एक. दिली," उकंडराव म्हणाले.

"शेती सामायिक का वाटनी झाली?"

"झाली वाटनी. तुम्ही आराम करा हो, मंग बोलू."

"मंग कव्हा?" भगवंतराव म्हणाले. "भराभरा सांगा, उकंडराव. मले आता लई कामं हायेत."